खालच्या घराचं आभाळ

डीडी फ्री डिशची चॅनेलं ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येतात, तो विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरांवर उभा आहे. उभा म्हणजे आपल्याला तसा दिसतो. पृथ्वीच्याच चालीने फिरत असल्यामुळे तो आपल्या लेखी जागचा हलत नाही. तिथून निघालेली बातमी सिंधुदुर्गातल्या आमच्या वाडीवर सेकंदाच्या आठव्या हिश्शात पोचते. वाटेत खड्डे नाहीत, टोल नाही, कशेडीचा घाट नाही. पण खालच्या घराच्या बांधावर उतरल्यावर तिला वरच्या घराच्या माजघरात जायचं असतं, आणि तिथे तिची दमछाक होते. मुंबईचा चाकरमानी रातभर बसून पाचशे किलोमीटर येतो आणि फाट्यावर उतरताना ताजातवाना असतो. बॅगा डोक्यावर घेऊन घर येईपर्यंत मात्र त्याचा जीव जातो. तसंच हे.

आमची वाडी उतारावर आहे. सगळ्यात वर ते वरचं घर, मग मधलं घर, मळ्याला टेकलेलं ते खालचं घर. तिन्ही घरं एकाच मूळपुरुषाची, त्यामुळे आडनाव सांगून कुणाला पत्ता कळत नाही. वरच्या घराकडे आंबे आहेत, फणस आहेत, माड-पोफळी आहेत, वैशाखातही अंगावर चादर घ्यावी अशी सावली आहे. आभाळ तेवढं नाही. खालच्या घरासमोर भाताचा मळा, त्यामुळे आभाळ सगळं त्यांच्या वाट्याला. वाटण्या झाल्या तेव्हा विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यासुद्धा लिहून काढल्या होत्या. आग्नेयेकडचं आभाळ कुणाचं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

आग्नेयच का, तर जीसॅट-१५ पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर आहे. आमच्याकडून बघायचं तर पूर्व आणि दक्षिण यांच्या मधोमध, क्षितिजापासून साधारण साठ अंश वर. सह्याद्री आडवा येत नाही, तो बिचारा खालीच राहतो. आडवे येतात ते माड. साठ अंशांचा हिशेब असा की सतरा मीटरचा माड दहा मीटरांवर असला की छत्रीच्या डोळ्यांत त्याच्या झावळ्या गेल्याच. त्यात हल्लीच्या छत्रीचा स्वभाव फसवा आहे. तिचा पत्रा असा तिरका घडवलेला असतो की ती बघते आभाळात आणि आपल्याला वाटतं समोरच्या गोठ्याकडे बघतेय. आमच्याकडे एका काकांनी छत्रीसमोरची करवंदीची जाळी साफ करवून घेतली होती. चॅनेलं आली नाहीत. गोठा स्वच्छ दिसायला लागला.

आता कुणी म्हणेल, झाड तोडा. असं म्हणणारा माणूस घाटावरचा असतो. वरच्या घराच्या आग्नेयेला जो फणस होता तो आजोबांच्या वडिलांनी लावलेला, आणि त्याच्यावर आजमितीला किती जणांचा हक्क पोचतो हे मोजायला तलाठी लागेल. एक वारस डोंबिवलीत, एक बडोद्याला, एक तर आयुष्यात कधी वाडीवर आलेलाच नाही. पण झाडाला कोयता लागला असता तर पहिल्या गाडीने आला असता. तेव्हा फणस राहिला आणि छत्री हलली. खालच्या घराच्या बांधावर एक लोखंडी खांब पुरला, त्यावर वरच्या घराची छत्री बसली, आणि तिथून वर वायर ओढायची असं ठरलं. खालच्या घरच्या काकींनी परवानगी दिली, पण त्या बोलण्यात ‘सध्या’ हा शब्द दोनदा आला.

डोळ्यांनी बघितलं तर खांबापासून वरचं घर ऐंशी मीटर असेल. वायरीने गेलं तर एकशेचाळीस. कारण वायरीला मळ्यातून सरळ जाता येत नाही, नांगर फिरतो. बांधाने जायचं, पाणंद ओलांडायची, मधल्या घराच्या गडग्याला लागून वर चढायचं, आणि मधल्या घराचं यात काही नसताना त्यांचीही विचारपूस करायची.

ही वायर मुळात कुणाच्या डोक्यातून आली ते सांगण्यासारखं आहे. ऑलिव्हर हेविसाइड नावाच्या इंग्रजाने १८८० साली तिचं पेटंट घेतलं. मधोमध एक तार, भोवती इन्सुलेशन, त्याभोवती धातूचं वेष्टन. आतलं आत राहावं आणि बाहेरच्यांनी लुडबुड करू नये, ही तिची रचना. हेविसाइड जन्मभर अविवाहित राहिला आणि माणसांपासून होईल तितका लांब राहिला. अशा माणसाची वायर आमच्याकडे तीन घरांना जोडायला निघाली होती.

छत्रीच्या पुढ्यात दांड्यावर जो डबा असतो, तो एलएनबी. आभाळातून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की एलएनबी आधी त्याला काही लाख पट वाढवतो, आणि त्याची फ्रिक्वेन्सी अकरा-बारा गिगाहर्ट्झवरून खाली एक-दोन गिगाहर्ट्झवर आणतो. नाहीतर तो वायरीत दहा पावलंही चालला नसता. खाली आणूनसुद्धा तो चालतो तो कण्हतच. बाजारात मिळणारी आरजी-सिक्स वायर दीड गिगाहर्ट्झला दर शंभर मीटरला पंचवीसेक डेसिबल खाते. डेसिबलचा हिशेब सोपा आहे: तीन गेले की ताकद निम्मी, दहा गेले की दहावा हिस्सा, वीस गेले की शंभरावा. पंचवीस म्हणजे तीनशेपैकी एक उरला. एकशेचाळीस मीटर म्हणजे तीन हजारांत एक.

यातली गंमत मला फार उशिरा कळली, आणि कळल्यापासून मी ती भेटेल त्याला सांगतो. आभाळातसुद्धा सिग्नल कमी होतोच, पण तो पसरल्यामुळे. अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल जातात, बस्स. म्हणजे उपग्रह उचलून आणखी छत्तीस हजार किलोमीटर लांब नेऊन ठेवला तरी नुकसान फक्त सहा डेसिबलचं. तेवढेच सहा डेसिबल आमची वायर पंचवीस मीटरांत खाते. देवाच्या हिशेबात छत्तीस हजार किलोमीटर, आणि भावबंदकीच्या हिशेबात गोठ्यापासून विहिरीपर्यंत, दोन्हींचं भाडं सारखं.

बरं, ही घट दिसते कशी? पूर्वीच्या अँटेनाच्या काळात चित्र आजारी पडलं की आधी मुंग्या यायच्या, मग माणसांच्या सावल्या दिसायच्या, आवाज तरी यायचा. माणूस तेवढ्यावर समाधान मानून घ्यायचा. डिजिटल चित्राला मध्यम मार्ग माहीत नाही. आहे तोवर लखलखीत आणि थोडं कमी पडलं की चौकोन चौकोन होऊन फुटतं. निवेदिकेचं कपाळ एकीकडे, हनुवटी दुसरीकडे. त्यात वायर वरच्या फ्रिक्वेन्सीला जास्त खाते, म्हणून सगळी चॅनेलं एकदम जात नाहीत. काही जातात, काही राहतात. आणि जी जातात ती नेमकी आपली, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

वाडीतला डिशवाला पोरगा म्हणाला, बूस्टर लावू. बूस्टर म्हणजे करंगळीएवढी नळी, वायरीच्या मध्ये बसते आणि सिग्नल वाढवते. पण ती सिग्नल वाढवते तशी आतली खरखरही वाढवते. तिला चांगलं-वाईट कळत नाही. म्हणून ती छत्रीच्या बाजूला लावायची असते, सिग्नल धट्टाकट्टा असताना. वरच्या घरच्या काकांना हे पटेना. पैसे आम्ही दिले, तर ती आमच्या टीव्हीच्या मागे दिसली पाहिजे. खालच्या घराच्या बांधावर लावलेली वस्तू उद्या खालच्या घराची होते, हा त्यांचा अनुभव शास्त्राइतकाच जुना होता. पहिले काही दिवस बूस्टर टीव्हीच्या मागे राहिला आणि खरखर मोठ्या इमानाने वाढवत राहिला. मग तो मुकाट्याने बांधावर गेला.

मग आलं तेरा-अठराचं कोडं. वायरीतून छत्रीकडून बॉक्सकडे सिग्नल येतो, तशी बॉक्सकडून छत्रीकडे वीज जाते. सेटटॉप बॉक्स एलएनबीला तेरा व्होल्ट देतो तेव्हा उभ्या लहरी घ्यायच्या, अठरा देतो तेव्हा आडव्या. वरच्या घरात तेव्हा थोडे दिवस मुलाने मुंबईहून महिन्याचे पैसे भरून घेतलेली दुसरी छत्री होती, तिची वायरही त्याच वाटेने नेलेली. तिच्यावर निम्मी चॅनेलं झकास आणि निम्मी ठार बंद. कंपनीचा माणूस येऊन छत्री हलवून गेला, बॉक्स बदलून गेला. दोष छत्रीत नव्हताच. स्वस्त वायरीतली मधली तार तांब्याची दिसते, पण असते लोखंडाची, वर तांब्याचा मुलामा. सिग्नलला त्याचं काही वाटत नाही, कारण एवढ्या वरच्या फ्रिक्वेन्सीला तो तारेच्या कातडीवरूनच पळतो. वीज मात्र पोटातून जाते आणि लोखंडात अडखळते. बॉक्समधून निघालेले अठरा व्होल्ट बांधावर पोचेपर्यंत चौदा-पंधरा व्हायचे, आणि एलएनबी समजायचा की आपल्याला तेरा सांगितले. तो बिचारा आज्ञाधारकपणे उभ्या लहरी घेत बसायचा. निम्म्या चॅनेलांचा हा ठावठिकाणा लागेपर्यंत वरच्या घरात अशी पक्की समजूत झाली होती, की खालच्या घरातून कुणीतरी रात्री येऊन काहीतरी करतं.

रात्री येऊन करणारे होते, पण ते चार पायांचे. वायर जमिनीवरून नेली तर उंदीर, वरून नेली तर खार, आणि झाडातून नेली तर माकडं. माकडांना वायर खायची नसते, तिला लोंबकळून बघायचं असतं. पावसाळ्यापूर्वी गडग्यावरची झुडपं छाटताना कोयत्याचा एखादा घाव वायरीवर बसतोच, आणि तो बसल्यावर छाटणारा गडी काही न बोलता काळी टेप मारून ठेवतो. त्या टेपेखाली काय आहे ते पहिल्या पावसात कळतं. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. वायरीच्या जोडात पाणी शिरलं की ते जाळीतून पुढे पुढे सरकत थेट बॉक्सच्या पिनेपर्यंत येतं. म्हणून जाणता माणूस घरात शिरण्यापूर्वी वायरीला खाली झोळ देतो. पाणी तिथून गळून जातं. मोठी सर आली की हे सगळं शहाणपणही फुकट, कारण पावणेतीन सेंटीमीटरच्या त्या लहरी पावसाच्या थेंबांतच विरतात. तेव्हा मात्र तिन्ही घरांचं चित्र एकदम जायचं आणि वाडीत फार सलोखा असायचा.

शेवटी पोऱ्याने जो उपाय काढला तो तांत्रिकदृष्ट्या अचूक होता. बॉक्स खालच्या घरातच ठेवायचा. त्यातून निघालेलं तयार चित्र मॉड्युलेटर नावाच्या डबीतून जुन्या पद्धतीच्या चॅनेलवर चढवायचं आणि ते वर पाठवायचं. ही फ्रिक्वेन्सी इतकी खाली असते की शंभर मीटरला सहा ते दहा डेसिबलांत काम भागतं. बांधावरचा बूस्टर तेवढा बदलून या फ्रिक्वेन्सीचा लावायचा. एलएनबीला वीज पोचवायची कटकट नाही. मधल्या घरालाही जाता जाता एक फाटा देता येतो. चित्र आलं ते असं स्वच्छ, की काकांनी चष्मा पुसला.

फक्त एक गोष्ट तंत्रज्ञानाच्या कक्षेत येत नव्हती. बॉक्स एक, म्हणजे रिमोट एक. आणि रिमोट खालच्या घरच्या काकींच्या पदराखाली.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं आमच्या वाडीच्या इतिहासात वेगळी काढून ठेवावी लागतील. तिन्ही घरांत एका वेळी एकच कार्यक्रम दिसे. काकींना जी मालिका आवडे ती वरच्या घरच्या निवृत्त मास्तरांनाही बघावी लागे. सातच्या बातम्यांना त्यांची काकुळती ठरलेली. आधी पडवीत उभं राहून हाक: “काकी, जरा सह्याद्री लाव गे!” खालून उत्तर: “ह्या संपांदे, मगे लावतंय!” ते कधी संपायचं हे मालिका लिहिणाऱ्यांनाही ठाऊक नसायचं. हाका मारून घसे बसल्यावर फोन सुरू झाले. आणि सगळ्यात नामुष्कीची गोष्ट म्हणजे काकी जेवायला उठल्या की टीव्ही बंद करून उठत. वरच्या घरात खुनी कोण हे कळायला एकच वाक्य उरलेलं असे आणि पडदा निळा. काकी म्हणत, वीज काय तुम्ही भरता?

दुसऱ्या बाजूने बघायचं तर काकींनाही जाच होताच. आपण काय बघतो हे वाडीला कळतं, ही साधी गोष्ट नाही. एकदा त्या दुपारी एक हिंदी सिनेमा बघत होत्या, मधल्या घरच्या सुनेने विहिरीवर सहज विचारलं, “काल तां गाणां पुरता का नाय बघलास गे?” तेव्हापासून दुपारी फक्त कीर्तन.

गणपतीत चाकरमानी आले की मात्र राज्य बदलायचं. मुंबईच्या नातवंडांना क्रिकेट हवं, आणि काकींची नातवंडं मुंबईचीच. आरती, फुगड्या, मग सामना. तिन्ही घरांतून ओरडा एकाच क्षणी उठायचा. जागतिक कीर्तीच्या प्रक्षेपण कंपन्यांना जो मेळ जमत नाही तो आमच्या एकशेचाळीस मीटर वायरीने साधला होता.

जुनी माणसं म्हणतात, ह्यात नवीन काय? रामायण लागायचं १९८७ साली तेव्हा टीव्ही एकच होता, खालच्या घरी, आणि सगळी वाडी त्यांच्या खळ्यात बसायची. अंतर कापायचं काम वायरीला नव्हतं, पायांना होतं. त्याहून आधी, १९७५-७६ साली, अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून देशातल्या सहा राज्यांमधल्या २,४०० गावांत टीव्ही दाखवला होता. छत्र्या तीन मीटरच्या, कोंबडीच्या खुराड्याला लावतात त्या जाळीच्या. गावाला एक संच. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता, त्यामुळे आमच्या कोंबड्यांची जाळी कोंबड्यांनाच राहिली. याच प्रयोगासाठी इस्रोच्या अभियंत्यांनी कोलंबोत जाऊन आर्थर क्लार्कच्या घरावरही एक छत्री बसवून दिली होती. उपग्रह असा एका जागी उभा करून त्यावरून प्रक्षेपण करता येईल, हे त्याने १९४५ सालीच ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात लिहून ठेवलं होतं. श्रीलंकेत तेव्हा टीव्ही केंद्र निघायचंच होतं. म्हणजे सगळ्या बेटावर बघण्यासारखं काही होतं ते क्लार्ककडे. त्याचे शेजारी हाका मारत की फोन करत, हे जाणून घ्यायला मला आवडलं असतं.

आमच्या वायरीने आणखी एक शास्त्र शिकवलं. दोन घरांचे मीटर वेगळे, अर्थिंग वेगळं. दोन्ही जमिनींची पातळी विजेच्या लेखी सारखी नसते, आणि वायरीची जाळी दोघींना जोडते, त्यामुळे जाळीतून थोडी वीज या घरातून त्या घरात जात राहते. वरच्या घरात टीव्हीची पिन काढायला गेलं की बोटांना झिणझिण्या. काका म्हणायचे, काकी रागावलेल्या दिसतात. वळवाच्या पावसात एकदा जवळपास कुठे वीज पडली तेव्हा खालचा बॉक्स, मधली डबी आणि वरचा टीव्ही एकाच वेळी गेले. भरपाई कुणी कुणाला द्यायची यावर बैठक झाली. चहा दोनदा झाला, निर्णय एकदाही नाही.

काचेची तंतुवायर हल्ली खेड्यातही खांबाखांबांवरून आली आहे. ती किलोमीटरला पाव-अर्धा डेसिबल खाते, वीज नेत नाही, म्हणून झिणझिण्याही नाहीत. शिवाय आता पोरांच्या हातात मोबाइल. पण फुकट चॅनेलं म्हणून छत्री टिकली आहे. खासगी चॅनेलांच्या जागा लिलावाने ठरतात, त्यामुळे एखादं मराठी चॅनेल बघता बघता नाहीसं होतं, आणि वाडीत पहिला संशय अजूनही वायरीवरच जातो.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं आणि वरच्या घराचा फणस पडला. कौलं वाचली. फणसाचं लाकूड कपाटांना, दारांना चांगलं, म्हणून वाटणीला डोंबिवली आणि बडोदा दोघांचेही फोन आले. जो कधी आला नव्हता तो खरंच आला. या सगळ्या गडबडीत कुणीतरी वर बघितलं. आग्नेयेला जिथे फांद्या होत्या तिथे भलंमोठं, कोरं करकरीत आभाळ. आणि खाली बांधावरचा खांब त्याच वाऱ्याने असा वाकला होता की छत्री मळ्यातल्या चिखलात तोंड घालून पडली होती.

पोऱ्या आला. नवी छत्री त्याने वरच्या घराच्या खळ्यात बसवली. बॉक्स वर आला, डबी वर आली. वायर तीच, तिला वरून खाली काय, खालून वर काय, दिशा नसते. तरी खालच्या घरी चित्र येईना. वायर धरून सगळे बांधापर्यंत चालत गेले तेव्हा उलगडा झाला: वायरीला दिशा नसली तरी बूस्टरला असते. त्याची एक बाजू आत घ्यायची, दुसरी बाहेर सोडायची, आणि तो इतकी वर्षं वरच्या घराकडे तोंड करून बसलेला. पोऱ्याने तो सोडवून उलटा फिरवला. खाली चित्र आलं.

पहिल्याच संध्याकाळी सातला मास्तरांनी रिमोट हातात घेतला आणि बातम्या लावल्या. बातम्या संपल्यावर त्यांनी चर्चा लावली. चर्चा संपल्यावर दुसरी चर्चा. फोन वाजला तेव्हा त्यांनी तो मुद्दाम तीन घंट्या वाजू दिला.

“भावजीनू,” काकी म्हणाल्या, “शिरेल लावा नायतर लावू नका. पण खांब अजून आमच्या बांधावर पडलो आसा, त्याचा भाडा कोण देतलो?”